या, बसा

"सहाची गाडी आज येत नाही," फाट्यावरच्या चहावाल्यानं चूल पेटवता पेटवता सांगितलं. "काल संध्याकाळी घाटात बंद पडली ती तिथंच उभी हाय."

बापूंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग दुसरी कधी?"

"दुसरी दुपारी दोनला. नगर रस्त्यापर्यंत चालत गेलात तर तिकडं मिळंल काहीतरी. पण नऊ किलोमीटर चालायचं. त्यात बाईमाणूस बरोबर." त्यानं माझ्याकडं आणि माझ्या सुटकेसकडं पाहिलं.

बापूंनी मला विचारलं, "चालवेल तुला?"

"चालवेल," मी म्हणाले.

दुपारी दोनपर्यंत गावात थांबायला आम्हा दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. पूर्वेला नुकतं कुठं फटफटत होतं आणि गावापलीकडच्या कबरस्तानातून गाण्याचा आवाज येत होता. साथीला पेटी नव्हती, त्यामुळं सूर एकमेकांना शोधत चालल्यासारखे वाटत होते. एप्रिल महिना, एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. ईस्टरचा रविवार होता. आमची सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरींपाशी उभी होती आणि आम्ही दोघं त्यांच्याकडं पाठ करून निघालो होतो.

बापू म्हणजे माझे सासरे, शांतवन मकासरे. आमच्या मोरदऱ्यातल्या मिशनच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मास्तरकी केली. गावात ख्रिस्ती घरं पस्तीसच. पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी उपासना बापू चालवायचे. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उभं राहून "प्रभू उठला आहे" असं पहिल्यांदा मोठ्यानं म्हणायचं, हे काम तर इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी केलंच नव्हतं. यंदा त्यांनी पंचांना सांगितलं होतं, "दुसरं कुणी बघा. माझा आवाज बसलाय."

आवाज बसला नव्हता. त्या कबरस्तानात अगदी कडेला दहा आठवड्यांची एक कबर होती. तिच्यावर अजून दगडसुद्धा बसवला नव्हता. तिथं अशेर होता. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे, एकट्यात नावानं हाक मारायचे. आमच्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते आणि त्याच शाळेत पहिलीचा वर्ग घेत होते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, संध्याकाळी बापू ओसरीवर येऊन बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "रविवारी तुला मनमाडला पोचवतो. तुझ्या वडिलांना पत्र टाकलंय."

"किती दिवसांसाठी?"

"तू तरुण आहेस, सुवार्ता. इथं माझ्या म्हातारपणाजवळ बसून काय करणार? तिकडं तुझी माणसं तुझा विचार करतील."

मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेलेल्या. मी गेल्यावर त्या घरात बापू आणि भिंती एवढंच उरणार होतं, हे मला दिसत होतं. तरीही मी "नको" म्हणाले नाही. कारण दहा आठवडे माझ्या मनात एक वाक्य बसलं होतं, आणि ते वाक्य मनात ठेवून त्या माणसाला रोज जेवायला वाढणं मला जड जात होतं.

आम्ही निघालो. बापू तीन पावलं पुढं, मी मागं. सुटकेस त्यांनी माझ्या हातून काढून खांद्यावर घेतली होती. दोन्ही बाजूला ज्वारी काढून मोकळी झालेली रानं, मधे एखादी बाभळ. गाण्याचा आवाज विरत विरत गेला आणि मग नुसता आमच्या चपलांचा आवाज राहिला. एकदा त्यांनी मागं वळून "पाणी?" असं विचारलं आणि मी मान हलवली, तेवढंच.

चार-साडेचार किलोमीटर चाललो असू. पुढं रस्ता थोडा खाली उतरत होता आणि ओढ्यावर दगडी मोरी होती. मोरी दिसल्यावर बापूंनी रस्ता बदलला. डाव्या बाजूनं चालणारा माणूस एकदम उजवीकडं गेला आणि भराभर पावलं टाकायला लागला. मान सरळ, नजर पुढं. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मी थांबले. "बापू, हीच का?"

"चल, ऊन चढेल."

"बापू, हीच का ती मोरी?"

ते थांबले, पण वळले नाहीत. "हो."

ही जागा मी कधी पाहिली नव्हती. अशेरला जीपमधून घरी आणलं होतं, पंचनाम्याला बापू आले होते. कठड्याचे चार दगड पडले होते, खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात घाणेरीचं झुडूप मोडलेलं होतं. दहा आठवड्यांत त्याला नवी पालवीही फुटली होती. मी कठड्यावर बसले आणि मनातलं वाक्य तोंडातून बाहेर आलं.

"तुम्ही पाठवलंत त्याला."

बापूंनी सुटकेस खाली ठेवली.

"तो म्हणाला होता, पेटी दुरुस्त करून आणायला पुढच्या आठवड्यात जातो," मी बोलत राहिले. "दवाखान्यात गर्दी आहे, डॉक्टर रजा देत नाहीत, म्हणाला होता. तुम्ही ऐकलं नाहीत. पेटीशिवाय उपासना म्हणजे मिठाशिवाय भाकरी, असं म्हणालात. शुक्रवारी कामावरून आला तसा चहासुद्धा न घेता गेला. रात्री तालुक्याला राहिला आणि सकाळी लवकर निघाला, कशासाठी? तर पोरांच्या गाण्याच्या तालमीला पेटी हवी! एका पेटीसाठी, बापू!"

"हो," ते म्हणाले. "पेटीसाठी."

मला वाटलं होतं, ते चिडतील, नाहीतर समजूत घालतील. ते नुसते रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि त्यांचे हात लोंबत होते.

"हे मी रोज म्हणतो," ते म्हणाले. "सकाळी उठलो की पहिलं हेच. तू आज म्हणालीस, बरं केलंस." मग म्हणाले, "आता मी एक सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, तो लगेच गेला नाही. तासभर जिवंत होता."

मला हे माहीत नव्हतं.

"तासभर, सुवार्ता. ट्रकवाला पळून गेला. पोलीस आले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. माझं पोर इथं खाली एकटं पडलं होतं. आणि त्या वेळेला मी काय करत होतो ठाऊक आहे? घरी गुडघ्यावर बसलो होतो. नेहमीची सकाळी साडेसातची प्रार्थना. त्याचं नाव घेऊन म्हणालो होतो, वाटेत त्याच्याबरोबर राहा." त्यांचा आवाज खरोखरच बसला. "जन्मभर मी लोकांच्या दुःखात जाऊन सांगत आलो, प्रभू जिवंत आहे, तो तुमच्याजवळ आहे. आज त्या कबरीपाशी उभं राहून मी काय सांगू? उठला असेल तो. नाही म्हणत नाही मी. पण त्या सकाळी इथं आला नाही."

मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"पाव्हणं, त्या कठड्यावर बसू नगा!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "दगूड सुटल्यात त्याचं."

मोरीच्या पुढच्या अंगाला एका मोकळ्या रानात धनगरांचा तळ पडला होता. मेंढरं जाळीच्या कुंपणात बसवलेली, बाजूला दोन घोडी, बाभळीखाली तीन दगडांची चूल. साठीचा एक माणूस आमच्याकडं येत होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी.

"पोरगी का रडती?" त्यानं बापूंना विचारलं. "पाय मुरगळला का?"

"नाही. काही नाही," बापू म्हणाले. "गाडी चुकली. चालत निघालोय नगर रस्त्याला."

"मग टेका की जरा. पाणी घ्या. नगर रस्ता काय पळून जात न्हाई."

बापू नको म्हणणार होते, पण त्या माणसानं तोवर सुटकेस उचललीही होती. त्याचं नाव धुळाजी. बापूंनीही आपण मोरदऱ्याचे मास्तर, एवढं सांगितलं. बाभळीखाली त्याची बायको साळाबाई भाकरी थापत होती. तिनं आम्हाला घोंगडीवर बसवलं, तांब्या पुढं केला आणि मी पाणी पीत असताना माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं. बायका असं पाहतात आणि त्यांना कळतं.

"कोण गेलं गं तुझं?" तिनं विचारलं.

मी तांब्या खाली ठेवला. तेव्हा बापू बोलले. दहा आठवड्यांत आमच्या दाराशी शेकडो माणसं येऊन गेली, पाळक आले, नातेवाईक आले, बापू सगळ्यांना "देवाची इच्छा" एवढंच म्हणून हात जोडायचे. या अनोळखी बाईला मात्र ते सरळ म्हणाले, "हिचा नवरा. माझा मुलगा. ह्याच मोरीवर गेला, फेब्रुवारीत. शनिवारची सकाळ होती. ट्रकनं उडवलं."

साळाबाईचा हात भाकरी थापता थापता थांबला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. धुळाजी उभा होता तो खाली बसला.

"मोटरसायकल हुती त्याची?" त्यानं विचारलं.

"हो."

"मागं पेटी बांधलेली? गाण्याची?"

बापूंनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

धुळाजीनं पटका काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ तो त्या पटक्याची घडी करत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही मला शिव्या घाला. म्या सांगतो ते ऐका आन मग काय घालायच्या त्या घाला."

त्याचा तळ तेव्हाही याच शिवारात होता, ओढ्याच्या वरच्या अंगाला. उजाडलं होतं, पण दिवस अजून उगवायचा होता. मोठा आवाज झाला म्हणून नवरा-बायको दोघं धावत आली. ट्रक निघून गेला होता, मोटरसायकल कठड्याला अडकली होती आणि अशेर खाली पात्रात पडला होता.

"हिला म्हणलं, पळ वस्तीवर, कुणाला तरी गाडी घिऊन आण," धुळाजी म्हणाला. "ही पळाली. म्या खाली उतरलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंगावर घोंगडी टाकली. थंडी वाजत हुती त्याला."

"तुम्ही त्याच्याजवळ होतात?" बापूंनी विचारलं.

"हुतो."

"किती वेळ?"

"वस्ती लांब हाय. हिला जाऊन येईस्तवर दिस कासराभर वर आला. तवर हुतो. मग लांबनं पोलिसांची जीप दिसली. आम्ही फिरस्ती माणसं. काय बी झालं की पहिलं आम्हालाच धरत्यात. मागं एकदा नसती भानगड गळ्यात पडली हुती, भाऊ चार महिनं आत बसला. जीप बघितली आन पाय थाऱ्यावर राहिना. तवर तो गेला हुता, मास्तर. गेल्यावर उठलो म्या. डोकं हळू खाली टेकवलं, घोंगडी काढून घेतली आन मेंढरांत शिरलो. जिता असता तर उठलो नसतो. बिरोबाची आण."

साळाबाई म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तळ हलवला. पर ह्यांना जेवान जाईना. त्याच्या घरला सांगाया पाहिजे हुतं, त्याच्या घरला सांगाया पाहिजे हुतं, एवढंच. सांगणार कुणाला? गाव ठाव न्हाई, नाव ठाव न्हाई. म्हणून परत हितं आलो. म्हणलं, कुणी ना कुणी येईल हितं दिवा लावाया."

मी पुढं सरकले. "बोलला का काही?"

"बोलला. लई न्हाई. पाणी मागितलं, दोन घोट दिलं. मग म्हणाला, बापूंना सांगा, पेटी झाली नीट. म्या म्हणलं, गप पड लेकरा, पेटीचं काय घिऊन बसलास! तर हसला जरासा. म्हणाला, नाही, सांगा, सगळे सूर लागले. वाट बघत असतील."

बापूंच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी साळाबाईनं ती नुसत्या हातानं उलटली.

"आणखी?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं. काही नसलं तर, ही भीती होती.

"एक नाव घेतलं. पर ते माणसाचं का देवाचं, आम्हाला कळलं न्हाई. आमच्यात तसलं नाव नसतं. सु... सुवारता."

"सुवार्ता," बापू म्हणाले. "ही सुवार्ता."

धुळाजीनं माझ्याकडं पाहिलं. साळाबाईनं पिठाचा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"मग तुझाच निरोप हुता पोरी," तो म्हणाला. "सुवार्तेला सांगा, म्हणाला. म्या इचारलं, काय सांगू? तवा त्याचं माझ्याकडं ध्यान नव्हतं. माझ्या खांद्यावरनं मागं बघत हुता. घरी कुणी आपलं माणूस आलं की आपण बघतो ना दाराकडं, तसा. तोंडावरची सगळी कळ गेली हुती. आन चांगला स्पष्ट बोलला, 'या. बसा.'"

"कोण होतं मागं?" बापूंनी विचारलं.

"कुणी न्हाई. म्या वळून बघितलं. नुसतं पात्र आन झुडपं. ही अजून आली नव्हती."

"मग?"

"मग काय? लगीच गेला. जीव जाताना माणूस तडफडतं, म्या लई बघितल्यात. ह्यो तसा न्हाई गेला." धुळाजी पटक्याकडं बघत राहिला. मग जरा ओशाळून म्हणाला, "एक गोष्ट हिला बी सांगितली न्हाई म्या. तुम्ही हसाल. तो 'या, बसा' म्हणाला ना, तवा म्या थोडा सरकलो."

"सरकलात?"

"जागा दिली. मागं कुणी न्हाई हे म्या बघितलं हुतं, तरी सरकलो. का सरकलो ते इचारू नगा. तिथं बसून ऱ्हाणं मला बरं वाटंना. जणू काय कुणाच्या तरी जागेवर बसलोय."

ऊन आता मेंढरांच्या पाठीवर आलं होतं. एक घोडी शेपटी हलवत होती. एवढ्या वर्षांनंतरही मला ती घोडी आठवते. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मी तिच्याकडं बघत बसले होते, कारण दुसरीकडं कुठं बघण्याची ताकद माझ्यात नव्हती.

बापूंनी विचारलं, "दिवस कासराभर वर आला होता म्हणालात. म्हणजे साडेसातचा सुमार."

"घड्याळ न्हाई माझ्याजवळ. असंल."

"साडेसात," बापू पुन्हा म्हणाले. साडेसातला ते कुठं होते आणि काय मागत होते, हे त्या माणसाला सांगायची गरज नव्हती. मला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

मग ते गुडघ्यांवर पुढं सरकले आणि धुळाजीला म्हणाले, "हात दाखवा तुमचे."

धुळाजी घाबरला. पण त्यानं हात पुढं केले. काळे, भेगाळलेले, एका अंगठ्याचं नख फुटलेलं. बापूंनी ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे-पालटे करून पाहिले. "ह्या हातांनी धरलं होतं त्याला?"

"ह्याच."

बापूंनी ते हात आपल्या डोळ्यांना लावले. धुळाजी "अवं मास्तर, अवं मास्तर" म्हणत होता आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुम्ही पळालात म्हणता," बापू शेवटी म्हणाले. "त्याच्या आधी तासभर थांबलात, ते कुठं गेलं? मी तुम्हाला काय शिव्या घालू?"

साळाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती बायकी शहाणपणानं म्हणाली, "आता खा. उपाशी पोटी रडू नये." तिनं गरम भाकरी हातानंच मोडली, त्यावर लसणाची चटणी ठेवली आणि एकेक चतकोर आमच्या हातात दिला. बापूंनी तुकडा घेतला. जेवणापूर्वी डोळे मिटून दोन शब्द बोलायची त्यांची जन्माची सवय, पण फेब्रुवारीपासून ते नुसते जेवायचे. आज त्यांनी डोळे मिटले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ लागला त्यांना. हातातली भाकरी गार होऊन गेली.

डोळे उघडून ते म्हणाले, "सुवार्ता, मी पत्र टाकलं तुझ्या वडिलांना. तुला विचारलं नाही. आता विचारतो. मनमाडला जायचंय तुला?"

"नाही," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले! "आज तरी नाही. आणि बापू, मघाशी मी जे बोलले..."

"ते खरं होतं. मी पाठवलंच होतं. ते राहील. मरेपर्यंत राहील." त्यांनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "पण आपल्याला वाटत होतं, तेवढंच आहे. तेवढंच नव्हतं."

मग ते उठले, धोतर झटकलं आणि पहिल्यांदाच त्या मोरीकडं सरळ बघितलं. "प्रभूचे ते दोघं शिष्य असेच गाव सोडून निघाले होते, याच दिवशी, तोंडं पाडून," ते म्हणाले. "वाटेत भेटलेला तो प्रभूच, हे भाकरी मोडताना कळलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, तरी उठून माघारी फिरले. आपल्याला तर अजून सकाळच आहे. चल."

धुळाजी आम्हाला मोरीपर्यंत सोडायला आला. पुढच्या आठवड्यात बापूंनी त्या दोघांना घरी जेवायला बोलावलं, आणि त्यानंतर दर साली त्यांचा तळ आमच्या शिवारात आला की एक दिवस ती दोघं आमच्याकडं असत. मनमाडला मी पुढं चार वर्षांनी गेले, तिथल्या एका शिक्षकाशी माझं लग्न ठरलं तेव्हा. तेव्हाचं माझ्या वडिलांना पत्रही बापूंनीच लिहिलं, पण वाक्यावाक्याला मला विचारून. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. येताना बापू माझ्या पुढं नव्हते, शेजारी चालत होते. अशेर लहान असताना पेटीवर कसा बसायचा, पहिलं गाणं चुकीच्या सुरात कसं वाजवलं, ते सांगत होते. मी काही गोष्टी सांगितल्या, ज्या सासऱ्याला सांगत नाहीत. ते हसले.

गावात शिरल्यावर मला वाटलं, घराकडं वळू. ते सरळ चर्चकडं गेले. चर्चला कुलूप होतं. सकाळची उपासना आटपून माणसं घरोघर सणाच्या स्वयंपाकाला लागली होती. मटणाचा वास गल्लीभर सुटला होता. बापूंनी सुटकेस पायरीवर ठेवली, कोपऱ्यातल्या घंटेचा दोर धरला आणि वाजवायला सुरुवात केली.

भलत्या वेळी घंटा वाजली की आमच्याकडं एकच अर्थ असतो. कुणीतरी गेलं. दारं उघडायला लागली. हातात पळी घेतलेल्या बायका, बनियनवरचे पुरुष, सगळे धावत आले. सगळ्यांच्या पुढं यमुनाबाई ओहोळ, आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई. काठी टेकत, धापा टाकत ती पायरीशी आली. तिनं माझ्याकडं बघितलं, सुटकेसकडं बघितलं, मग बापूंकडं.

"कोण गेलं, मास्तर?" तिनं विचारलं. "कोण गेलं?"

बापूंनी दोर सोडला. घाम, धूळ आणि पाणी त्यांच्या चेहऱ्यावर एक झालं होतं.

"कुणी गेलं नाही, यमुनाबाई," ते म्हणाले, आणि मग त्या आवाजात, जो मी दहा आठवडे ऐकला नव्हता, "प्रभू उठला आहे!"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. यमुनाबाईनं काठी सरळ धरली.

"खरोखर उठला आहे," ती म्हणाली. "पण मास्तर, हे आम्ही पहाटेच म्हणालो. तुम्हीच नव्हता."

"हो," बापू म्हणाले. ते खाली पायरीवर बसले आणि हसता हसता रडायला लागले. "मला आत्ता कळलं."